हंगामात डेटाबेस तुंबतो तेव्हा: साफसफाई, वानगी आणि छाटणी

फेब्रुवारीतली गोष्ट. दुपारचे साडेचार, मी कॉलेज रोडला चहा घेत उभा होतो आणि दिंडोरीकडच्या एका पॅकहाऊसमधून फोन आला, "दादा, बॉक्स स्कॅन मारला की नुसतं गोल गोल फिरतंय, लेबलच निघंना, कंटेनर दारात उभाय." द्राक्षाचा हंगाम ऐन भरात, रात्री गाडी न्हावाशेवाकडे सुटायची, सॉफ्टवेअर आमचं, म्हणजे शिव्याही आमच्याच वाट्याच्या. मालकांना सगळे आप्पा म्हणतात. त्यांनी पोराच्या हातातून फोन घेतला आणि सरळच विचारलं, सर्व्हर छोटा पडतोय का, मोठा घ्यायचा का, घ्यायचा असेल तर आजच कोटेशन पाठव. पण सकाळी हेच मशीन पळत होतं, माणसंही तेवढीच, मग दुपारीच काय झालं?

काय झालं ते पुढे सांगतो, त्याआधी आत काय चालतं ते बघू, नाहीतर नुसतं "व्हॅक्यूम मारलं आणि सुटलं" एवढंच सांगून होईल आणि पुढच्या वेळी तुम्ही परत फोनच कराल.

आमच्याकडे पोस्टग्रेस आहे. १९८६ साली बर्कले विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर यांनी सुरू केलेला हा प्रकल्प, आज फुकटात मिळणाऱ्या डेटाबेसांत याचं नाव वरचं. याची एक खोड आहे. रो, म्हणजे टेबलातली एक ओळ, अपडेट केली की हा जुन्या रोच्या जागीच नवीन आकडा लिहीत नाही, जुन्या रोवर रेघ मारतो आणि नवीन रो दुसऱ्या रिकाम्या जागी लिहितो. डिलीट केली तरी तेच, नुसती रेघ, रो जागच्या जागी पडून. आडत दुकानातले जुने दिवाणजी खतावणीत असंच करायचे बघा, खाडाखोड चालायची नाही, चुकलेल्या ओळीवर रेघ आणि खाली नवीन नोंद.

आता हा असा पसारा कशाला करायचा, असं कोणालाही वाटेल. कारण असं की एकीकडे तुम्ही हंगामाचा मोठा रिपोर्ट लावलाय, त्याला दोन मिनिटं लागणारेत, आणि दुसरीकडे वीस बायका बॉक्स भरतायत, पोरं स्कॅन मारतायत, म्हणजे तेवढ्या वेळात शेकडो रो बदलणार. रिपोर्टसाठी स्कॅन थांबवायचे का स्कॅनसाठी रिपोर्ट? पोस्टग्रेस दोन्ही थांबवत नाही. रिपोर्टला तो सुरू झाला तेव्हाचं चित्र दिसतं, रेघ मारलेल्या ओळींसकट, आणि स्कॅनवाल्याला ताज्या ओळी दिसतात. वाचणारा लिहिणाऱ्याला अडवत नाही आणि लिहिणारा वाचणाऱ्याला. फार देखणी युक्ती आहे, पण रेघ मारलेल्या ओळी नंतर कोणीतरी आवरायला हव्यात, सगळी गोम तिथेच आहे.

एका बॉक्सचा प्रवास बघा. बागेतून कॅरेट आलं, वजन झालं, पॅकिंगला गेलं, बॉक्स प्रीकूलिंगला, तिथून कोल्ड स्टोरेज, मग कंटेनर. टप्पा बदलला की त्या बॉक्सची रो अपडेट. म्हणजे रो एकच दिसते, पण फाईलमध्ये तिच्या पाच मेलेल्या आवृत्त्या आणि एक जिवंत. दिवसाला वीस हजार बॉक्स धरले तर एक लाख मेलेल्या रो झाल्या की! आणि डेटाबेस डिस्कवरून एकेक रो उचलत नाही, तो ८ केबीचं आख्खं पान उचलतो. पानावर दहातल्या नऊ ओळी रेघ मारलेल्या असतील तर एका कामाच्या ओळीसाठी नऊ बिनकामाच्या तपासायच्या, आणि ती पानं मेमरीतली जागा खातात ते वेगळंच. याला ब्लोट म्हणतात, मी तुंबणं म्हणतो.

हे आवरायचं काम व्हॅक्यूम करतो. तो टेबलात फिरतो, रेघ मारलेली ओळ आता कोणालाच लागणार नाही अशी खात्री झाली की ती जागा "इथे परत लिहा" म्हणून मोकळी करतो, आणि इंडेक्समध्ये, म्हणजे ओळी शोधायच्या सूचीत, त्या ओळीकडे बोट दाखवणाऱ्या नोंदीही काढून टाकतो. लक्षात घ्या, पानं फाडून बाहेर टाकत नाही. वही तेवढीच जाड राहते, फक्त तिच्यात लिहायला जागा होते (शेवटची काही पानं पूर्ण कोरी असली तर तेवढी कापून देतो, पण ते नशिबावर). म्हणून आप्पांचा दरवर्षीचा प्रश्न असतो, तीन वर्षांचा जुना डेटा उडवला ना रे, मग डिस्क रिकामी का नाही झाली? होत नाही आप्पा, आणि नाही झाली तरी बिघडत नाही, पुढच्या हंगामाचा डेटा त्याच जागेत बसेल.

डिस्क खरंच परत हवी असेल तर व्हॅक्यूम फुल. नाव सारखं, काम एकदम वेगळं. हा आख्खी वही नव्या वहीत उतरवून काढतो, म्हणजे तेवढा वेळ जुनी आणि नवी दोन्ही ठेवायला डिस्कवर जागा लागते, आणि उतरवून होईपर्यंत त्या टेबलाला कुलूप, लिहायचं तर सोडाच, कोणी वाचूही शकत नाही. मी नवीन असताना, नावात फुल आहे म्हणजे जास्त चांगलं असणार असं वाटून, हा भर दुपारी बारा वाजता चालवला होता. पुढचा पाऊण तास मी फोन उचलले नाहीत. डिस्क भरत आली म्हणून फुल चालवायला जाणं तर त्याहून वाईट, नव्या वहीलाच जागा नसते आणि काम अर्ध्यात आपटतं.

बरं, साधा व्हॅक्यूम रोज हाताने मारायचा का? नाही. पोस्टग्रेसच्या ८.३ व्हर्जनपासून, म्हणजे २००८ पासून, ऑटोव्हॅक्यूम मुळातच चालू असतो. नेहमीच्या सेटिंगला तो साधारण मिनिटाला एकदा चक्कर मारून बघतो की कुठल्या टेबलात कचरा जास्त झालाय. जास्त म्हणजे किती, तर टेबलातल्या रोंच्या २० टक्के अधिक ५०. हजार रोंचं टेबल असेल तर अडीचशे मेलेल्या झाल्या की तो येणार, छान. पण एक कोटी रोंच्या टेबलात तो वीस लाख मेलेल्या रो साचेपर्यंत ढुंकूनही बघत नाही, आणि मग आला की काम एवढं मोठं असतं की तासन् तास घोळत बसतो, लोक त्याच्याच नावाने बोटं मोडतात आणि शेवटी कोणीतरी शहाणा त्याला बंदच करून टाकतो. मी अशी सेटिंग बघितलीय, एकदा नाही, अनेकदा. ऑटोव्हॅक्यूममुळे स्लो होतं म्हणून ऑटोव्हॅक्यूम बंद करायचा, म्हणजे घंटागाडीमुळे गल्लीत ट्रॅफिक होतं म्हणून घंटागाडी बंद करायची. मग महिनाभराने त्या गल्लीतून जाऊन दाखवा.

उपाय उलटा आहे. मोठ्या टेबलासाठी तो आकडा खाली आणायचा. हे सेटिंग टेबलागणिक वेगळं ठेवता येतं, म्हणून आमच्या बॉक्सच्या टेबलाला मी २० ऐवजी २ टक्के ठेवलंय, कोटीला दोन लाख झाल्या की लगेच येतो, थोडं काम करतो, जातो. वारंवार येतो पण कोणाला जाणवत नाही. आणि तो फार हळू काम करतोय असं दिसलं तर त्याला मुद्दाम घातलेला ब्रेक सैल करायचा. डिस्कवर ताण पडू नये म्हणून तो थोडं काम केलं की जराशी डुलकी घेतो, १२ व्हर्जनच्या आधी ती डुलकी २० मिलिसेकंदांची होती, आता २ ची आहे. जुन्या व्हर्जनवर असाल तर एवढा एक बदलसुद्धा पुरतो कधी कधी.

आता त्या फोनकडे येऊ. लॉगिन करून बघितलं तर बॉक्सचं मोठं टेबल ठीक होतं. पण लेबल छापायची एक छोटी रांग असते, बॉक्स आला की रांगेत एक रो घुसते, प्रिंटरने लेबल काढलं की ती रो डिलीट. कुठल्याही क्षणी त्यात तीस-चाळीस रो असतात. पोस्टग्रेसकडे प्रत्येक टेबलाचा हिशेब ठेवणारा एक व्ह्यू आहे, पीजी स्टॅट युजर टेबल्स, त्यात जिवंत रो किती, मेलेल्या किती आणि ऑटोव्हॅक्यूम शेवटचा कधी येऊन गेला ते दिसतं. रांगेच्या टेबलात जिवंत अडतीस आणि मेलेल्या लाखाच्या वर! आणि मजा म्हणजे ऑटोव्हॅक्यूम दर मिनिटाला येत होता, बघत होता आणि हात हलवत परत जात होता. चार प्रिंटर सेकंदा-सेकंदाला विचारतायत की माझ्यासाठी काही आहे का, आणि दर वेळी अडतीस रोंसाठी लाखभर मढी उलथीपालथी करावी लागतायत. स्क्रीनवर गोल गोल फिरणार नाही तर काय!

पण तो साफ का करत नव्हता? वर म्हटलं ना, ओळ आता कोणालाच लागणार नाही अशी खात्री झाली तरच. खात्री होत नव्हती. हिशेब बघणाऱ्या पोराने सकाळी साडेनऊला एका पावतीतला दर दुरुस्त केला होता, त्याच्या टूलमध्ये ऑटोकमिट, म्हणजे बदल आपोआप पक्का होणं, बंद होतं, हाताने कमिट दाबायचं राहिलं, खिडकी खाली मिनिमाइझ केली आणि तो चुलतभावाच्या लग्नाला ओझरला निघून गेला. ट्रान्झॅक्शन, म्हणजे सुरू केल्यापासून कमिटपर्यंतचं ते काम, उघडीच. पोस्टग्रेसच्या दृष्टीने साडेनऊचा एक माणूस अजून काम करतोय, त्याचं होईपर्यंत त्या वेळेनंतरची कुठलीही जुनी ओळ कदाचित लागू शकते, म्हणून काहीच पुसायचं नाही. त्याने ज्या टेबलाला हात लावला तेवढ्याचंच नाही बरं का, सगळ्या डेटाबेसचं. एक पावती, एक दर, आणि आख्खं पॅकहाऊस ठप्प.

ते कनेक्शन तोडलं. दोन-तीन मिनिटांत ऑटोव्हॅक्यूम आला, सगळं पुसून गेला, प्रिंटर खडखडायला लागले. कोटेशन पाठवायची गरजच उरली नाही. पोराचा बिचाऱ्याचा दर मात्र परत पहिल्यासारखा झाला, कारण कमिटच नव्हतं, ते त्याला लग्नातून फोन करून सांगावं लागलं.

तेव्हापासून दोन गोष्टी केल्यात. एक, ट्रान्झॅक्शन उघडी ठेवून कोणी दहा मिनिटांच्या वर नुसता बसला तर पोस्टग्रेस त्याला स्वतःच बाहेर काढतो, असं सेटिंग ९.६ व्हर्जनपासून आहे पण मुळात बंद असतं, चालू आपण करायचं. दोन, दहा मिनिटांपेक्षा जुनी ट्रान्झॅक्शन दिसली की माझ्या मोबाईलवर मेसेज येतो. एवढ्या वर्षांत जेवढे "डेटाबेस हँग झाला" वाले फोन आले त्यातल्या बऱ्याच वेळा असंच कुठेतरी काहीतरी उघडं राहिलेलं निघालं. डेटाबेस स्वतःचं घर स्वतः आवरतो, आपण दारात पाय अडकवून उभं राहायचं नाही, इतकंच.

साफसफाई झाली, आता वानगी. पिंपळगाव किंवा लासलगावच्या मार्केटला कांद्याचा लिलाव बघितला असेल तर माहितीये, व्यापारी ट्रॅक्टरमधला सगळा कांदा मोजत बसत नाही, दोन-चार ठिकाणचा मूठभर उचलतो, साल चोळतो, आकार बघतो आणि बोली लावतो. डेटाबेससुद्धा असंच करतो. तुम्ही क्वेरी, म्हणजे डेटाबेसला प्रश्न, दिली की ती कशी सोडवायची याचे पाच-पन्नास रस्ते असतात, इंडेक्सवरून जायचं का आख्खं टेबल वाचायचं, दोन टेबलांतलं आधी कुठलं घ्यायचं. प्रत्येक रस्त्याला अंदाजे खर्च किती हे काढून स्वस्त रस्ता निवडायचा, ही पद्धत आयबीएमच्या सिस्टीम आर प्रकल्पात पॅट्रिशिया सेलिंजर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ साली मांडली, आणि आजचे बहुतेक डेटाबेस त्याच वाटेने जातात. पण खर्चाचा अंदाज कशावरून? वानगीवरून. अ‍ॅनालाइझ नावाची कमांड नेहमीच्या सेटिंगला टेबलातल्या ३०,००० रो इकडून तिकडून उचलते आणि टिपून ठेवते, कुठली किंमत किती वेळा येते, वेगवेगळ्या किमती किती, रिकाम्या किती. टेबल लाखाचं असो का कोटीचं, वानगी तेवढीच, आणि बहुतेक वेळा ती पुरते.

वानगी जुनी झाली की बोली चुकते. जानेवारीच्या सुरुवातीला टेबलात चारशे रो होत्या तेव्हा घेतलेल्या वानगीवर डेटाबेस समजतो की टेबल छोटंय, आख्खं वाचून टाकू, आणि आत झालेल्या असतात चाळीस हजार. हे पण ऑटोव्हॅक्यूमवालाच बघतो, १० टक्के अधिक ५० रो बदलल्या की स्वतः अ‍ॅनालाइझ करतो, त्यामुळे रोजच्या कामात तुम्हाला कळतही नाही. पोचत नाही तो दोन वेळी. एक, तुम्ही एका फटक्यात लाखो रो भरल्या आणि पुढच्याच सेकंदाला त्यावर क्वेरी टाकली. दोन, नव्या सर्व्हरवर बॅकअप रिस्टोअर केला. यात तर हमखास फसगत होते, कारण साध्या डंपमधून डेटा येतो पण वानगीची टिपणं येत नाहीत, आणि मग लाखभर रुपये घालून आणलेलं नवीन मशीन पहिल्या दिवशी जुन्यापेक्षा हळू चालतं, आणि मालक तुमच्याकडे असं बघतो की बस. रिस्टोअर झाला की आधी अ‍ॅनालाइझ, मग पेढे.

रस्ता कुठला निवडला ते बघायचं असेल तर क्वेरीच्या आधी एक्सप्लेन अ‍ॅनालाइझ लावायचं. त्यात डेटाबेसने किती रो धरल्या होत्या आणि खरंच किती निघाल्या हे दोन्ही शेजारी शेजारी दिसतं. बाकी सगळं वाचता नाही आलं तरी हे दोन आकडे बघा. अंदाज पाच आणि निघाल्या पन्नास हजार, तर वानगी चुकलीय, पुढे जायचं कामच नाही. एक सावधगिरी, अपडेट किंवा डिलीटला हे लावलं तर ते खरंच चालतं, रो खरंच उडतात, नुसतं बघण्यासाठी असतं असं समजून कोणाचा तरी डेटा गेलेला मी पाहिलाय.

इंडेक्सचं प्रकरण जरा चवीने सांगतो कारण इथे सगळ्यात जास्त चुका होतात. इंडेक्स म्हणजे पुस्तकाच्या मागची सूची. बहुतेक इंडेक्स बी-ट्री प्रकारचे, रुडॉल्फ बायर आणि एडवर्ड मॅक्राइट यांनी बोइंगच्या संशोधन प्रयोगशाळेत १९७० च्या सुमारास ही रचना शोधली, आणि कोटभर रोंमधूनसुद्धा हवी ती ओळ तीन-चार पानं उलटून सापडते हे तिचं कसब. क्वेरी स्लो झाली की इंडेक्स टाका, हे इतकं अंगवळणी पडलंय की आमच्या बॉक्सच्या एका टेबलावर अकरा इंडेक्स झाले होते, कोणी कधी कशासाठी टाकला कोणालाच आठवेना.

द्राक्षवाल्याला छाटणी शिकवायला लागत नाही. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी, वेलीवर फांद्या वाढू दिल्या तर पाला मस्त होईल, घड नाही लागणार. इंडेक्सचंही तेच. प्रत्येक नवीन रोबरोबर अकरा सूच्यांत नोंद करायची. अपडेटला पोस्टग्रेसमध्ये एक सवलत आहे, बदललेला कॉलम कुठल्याच इंडेक्समध्ये नसेल आणि त्याच पानावर जागा असेल तर नवीन ओळ तिथेच शेजारी बसते, इंडेक्सांना हातच लावायला लागत नाही, आणि असा कचरा तर व्हॅक्यूमची वाट न बघता पान वाचता वाचताच आवरला जातो. याला हॉट अपडेट म्हणतात. आणि आम्ही काय केलं होतं? बॉक्सच्या टप्प्याच्या कॉलमवर इंडेक्स टाकला होता! तो कॉलम दिवसातून सगळ्यात जास्त बदलणारा, त्यात किमती मोजून सहा, म्हणजे शोधायला त्याचा उपयोग यथातथाच, आणि त्याच्यापायी प्रत्येक स्कॅनला सवलत गेली आणि अकराच्या अकरा इंडेक्समध्ये नवीन नोंद. तो एक इंडेक्स काढला, टेबलाचा फिलफॅक्टर १०० वरून ८५ केला, म्हणजे भरताना प्रत्येक पानावर थोडी जागा मुद्दाम कोरी सोडायची, आणि फरक असा पडला की पोरांनीच विचारलं, दादा काल काय केलं? (फिलफॅक्टर नवीन लिहिल्या जाणाऱ्या पानांना लागू होतो, आधीच गच्च भरलेली पानं तशीच राहतात, हे माहीत असू द्या.)

कुठला इंडेक्स बिनकामाचा हे कसं कळणार? प्रत्येक इंडेक्स किती वेळा वापरला गेला याची मोजणी पोस्टग्रेस ठेवतो. शून्य दिसला की काढा, असं सगळीकडे लिहिलेलं सापडेल, मीही जूनमध्ये असाच एक शून्यवाला काढला होता. मोजणी मार्चअखेर नवीन सर्व्हरवर शून्यापासून सुरू झालेली, आणि तो इंडेक्स लागायचा वर्षातून एकदा, फेब्रुवारीअखेरच्या शेतकऱ्यांच्या हिशेबपट्टीला. पुढच्या फेब्रुवारीत हिशेबपट्ट्या निघायला रात्र गेली आणि शेतकरी सकाळी दारात. तेव्हा मोजणी कधीपासूनची आहे ते बघा आणि एक पूर्ण हंगाम जाऊ द्या. प्रायमरी की आणि युनिकवाले इंडेक्स शून्य दिसले तरी सोडा, ते नुसते शोधायला नसतात, दुबार नोंद अडवायलाही असतात. रिपोर्टसाठी वेगळा रेप्लिका, म्हणजे डेटाबेसची चालती नक्कल, असेल तर त्याची मोजणी वेगळी असते, तिकडेही डोकावा.

इंडेक्सही तुंबतात. व्हॅक्यूम त्यातल्या मेलेल्या नोंदी काढतो पण अर्धी रिकामी पानं एकमेकांत मिसळत नाही, पूर्ण रिकामं झालं तरच पान परत वापरात येतं. म्हणून कधीतरी इंडेक्स नव्याने बांधायला लागतो. २०१९ च्या १२ व्हर्जनपासून हे काम टेबलाला कुलूप न लावता करता येतं, रीइंडेक्स कन्करंटली, वेळ जास्त लागतो पण काम चालू राहतं. अर्ध्यात फसलं तर मागे एक निकामी इंडेक्स राहतो, तो आठवणीने काढायचा. दर रविवारी सगळे इंडेक्स बांधायचे अशी प्रथा मला पटत नाही, फुगलेला दिसला तर बांधा, नाहीतर कशाला खाजवायचं.

जुना डेटा उडवण्याबद्दल थोडं. पन्नास लाख रो एका डिलीटमध्ये उडवल्या तर पन्नास लाख मढी एकदम तयार होतात. पाच-दहा हजारांच्या तुकड्यांनी उडवा, मध्ये श्वास घेऊ द्या. त्याहून चांगलं म्हणजे टेबलच हंगामागणिक भागांत वाटून ठेवायचं, याला पार्टिशन म्हणतात, मग जुना हंगाम नको झाला की तो भाग काढून टाकला, एका क्षणात गेला, डिस्कही लगेच मोकळी, रेघा मारायचा प्रश्नच नाही. हे सुरुवातीला करायचं काम आहे, भरलेल्या टेबलावर नंतर करायला बसलं की रडवतं.

मायएसक्यूएल हा दुसरा डेटाबेस वापरणारे इथपर्यंत वाचून हसत असतील तर थोडं थांबा. तिकडे इनोडीबी (त्याचं डेटा साठवणारं इंजिन) जुनी आवृत्ती टेबलात न ठेवता वेगळ्या अनडू लॉगमध्ये ठेवतो आणि पर्ज नावाचा कामगार ती साफ करतो, त्यामुळे टेबल असं तुंबत नाही, पण उघड्या ट्रान्झॅक्शनने तो कामगारही तसाच अडतो आणि अनडू फुगत जातो. एसक्यूएल सर्व्हरवाल्यांची खोड वेगळी, डिस्क वाचवायला रोज रात्री श्रिंक लावून ठेवतात. श्रिंक शेवटची पानं उचलून पुढच्या मोकळ्या जागेत कोंबतो, त्यात इंडेक्सचा क्रम विस्कटतो, सकाळी फाईल परत वाढते, रात्री परत श्रिंक. ते बंद करा आधी.

आता लक्ष ठेवायचं कशावर? गोदावरीला पूर आला की नाशिककर क्युसेकचे आकडे नंतर विचारतो, आधी विचारतो पाणी दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत आलं, गुडघ्याला, कमरेला का छातीला. रामकुंडाजवळचा तो मारुती म्हणजे आख्ख्या गावाची मोजपट्टी, कारण रोजचं पाणी कुठे असतं हे सगळ्यांना पाठ आहे. डेटाबेसला असा एक मारुती हवा. तुमचं नेहमीचं पाणी किती हेच माहीत नसेल तर पूर आलाय हे लोकांच्या शिव्यांवरूनच कळणार. माझा मारुती म्हणजे पीजी स्टॅट स्टेटमेंट्स, हे एक्स्टेंशन चालू केलं की कुठली क्वेरी किती वेळा चालली आणि एकूण किती वेळ खाल्ला ते साठवतं. बघताना सगळ्यात स्लो क्वेरी शोधू नका, सगळ्यात जास्त एकूण वेळ खाणारी शोधा. दिवसातून एकदा तीन सेकंद घेणारा रिपोर्ट कोणाला टोचत नाही, पण २० मिलिसेकंदांची क्वेरी दिवसात दोन लाख वेळा चालत असेल तर ४,००० सेकंद, म्हणजे तासाच्या वर झाले, आणि ती कोणाच्या नजरेतही येत नाही. ती १० मिलिसेकंदांवर आणली तर अर्ध्या तासाचं काम वाचलं. दर सोमवारी सकाळी मी हे आकडे, मेलेल्या रोंचे आकडे आणि डिस्क किती उरली ते एका वहीत टिपतो, हो, कागदाच्या. ग्राफ असतातच, पण हाताने लिहिलं की मागच्या सोमवारचं आपोआप आठवतं.

एक गोष्ट घाबरवणारी आहे पण सांगायलाच हवी. पोस्टग्रेस लिहिणाऱ्या प्रत्येक ट्रान्झॅक्शनला नंबर देतो आणि तो नंबर ३२ बिटांचा, म्हणजे साधारण ४२९ कोटींना संपतो आणि परत सुरुवातीपासून येतो. जुनं कुठलं नवं कुठलं हे कळावं म्हणून त्यातले निम्मे, २१४ कोटींच्या आसपास, मागचे आणि निम्मे पुढचे धरतात. फार जुन्या रोला व्हॅक्यूमने "ही कायमची जुनी" असा शिक्का मारला नाही, तर एक दिवस ती भविष्यातली वाटायला लागेल आणि दिसेनाशी होईल. म्हणून एखाद्या टेबलात न शिक्का मारलेले नंबर २० कोटी मागे पडले की ऑटोव्हॅक्यूम बंद ठेवलेला असला तरी पोस्टग्रेस तो जबरदस्तीने चालवतो. तरीही काम अडलं आणि नंबर संपत आले, तर आताच्या व्हर्जनांत शेवटचे ३० लाख उरले की तो नवीन लिहिणंच थांबवतो, डेटा वाचवायला. फेब्रुवारी २०१९ मध्ये मँड्रिल ही ईमेल सेवा याच कारणाने दीड दिवसाहून जास्त वेळ लंगडली होती. पॅकहाऊसला तिथे पोचायला वर्षं लागतील, पण जिथे दिवसाला कोट्यवधी व्यवहार होतात तिथे हा आकडाही वहीत हवाच.

आमचं वेळापत्रक आता हंगामाला बांधलंय. डिसेंबरात, पहिला कंटेनर लागायच्या आधी, बॅकअप दुसऱ्या मशीनवर खरोखर रिस्टोअर करून बघतो, कारण रिस्टोअर न केलेला बॅकअप मी बॅकअप धरत नाही. जानेवारी ते एप्रिल कशालाही हात लावत नाही, नुसतं सोमवारचं टिपण. इंडेक्सची छाटणी, मोठं व्हर्जन बदलणं आणि एखादं फारच फुगलेलं टेबल असेल तर तो कुलूपवाला व्हॅक्यूम फुल, हे सगळं जूनमध्ये, तेव्हा पाऊस लागलेला असतो, पॅकहाऊसलाही कुलूप असतं आणि आप्पा फोन करतात ते फक्त मिसळ खायला येतोस का विचारायला.